आवड ज्याची त्याची

१९८४ सालचा हिवाळा. पुण्यातील एखादा जुना वाडा डोळ्यांसमोर आणावा. दिवेलागण होऊन गेली आहे. बाहेरच्या खोलीत लाकडी पेटीत दूरचित्रवाणी संच ठेवलेला आहे. दिवसभर त्या पेटीची दारे बंद असतात. संध्याकाळी आई ती उघडते. घरातील बारा वर्षांचा मुलगा माळ्यावरच्या खिडकीतून वाकून ॲन्टेना फिरवीत आहे. "आता दिसते का?" असे तो वरून विचारतो. "अजून थोडी सिंहगडाकडे वळव!" असे त्याची ताई खालून ओरडून सांगते.

सिंहगडाकडे वळव, असे सांगण्यास कारण होते. आपल्या देशात दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्ली येथे सुरू झाले. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी उघडले. पुढे १९७३ पासून सिंहगडावरील मनोऱ्याच्या साहाय्याने मुंबईचे कार्यक्रम पुण्यातही दिसू लागले. १९८२ साली दिल्लीहून सर्व देशासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि रंगीत प्रक्षेपणही त्याच वर्षी आले. तरी पुष्कळ घरांतील संच अजून कृष्णधवलच होते. मुख्य गोष्ट अशी, की त्या काळी वाहिनी एकच होती. कंटाळा आला म्हणून दुसरीकडे वळण्याची सोय नव्हती. जे लागेल ते सर्वांनी मिळून पाहावयाचे, नाही तर उठून जावयाचे.

त्या १९८४ सालात दोन मालिका घरोघरी आवडीने पाहिल्या जात होत्या. पहिली 'हम लोग'. ती ७ जुलै १९८४ रोजी सुरू झाली. उत्तर भारतातील एका बेताच्या परिस्थितीतील कुटुंबाची ती कथा मनोहर श्याम जोशी यांनी लिहिली होती. घरात आजी-आजोबा, दारूच्या आहारी गेलेला बाप, राबणारी आई आणि आपापली स्वप्ने उराशी धरून बसलेली मुले होती. मालिकेचे एकंदर दीडशेहून अधिक भाग झाले. भागाच्या शेवटी ज्येष्ठ अभिनेते अशोककुमार पडद्यावर येऊन प्रेक्षकांशी चार शब्द बोलत. दुसरी मालिका 'ये जो है ज़िंदगी'. ती शरद जोशी यांनी लिहिली होती आणि ती निव्वळ विनोदी होती. तीत सतीश शाह हे अभिनेते दर भागात नवे सोंग घेऊन येत. आज कोणाचे सोंग पाहावयास मिळेल, याचीच लोक वाट पाहत असत.

वाड्यातील त्या घरात या दोन मालिकांवरून दोन पक्ष पडले होते. आजोबा आणि ताई 'हम लोग'च्या बाजूचे. मुलगा आणि त्याची आई विनोदी मालिकेच्या बाजूचे.

"तुमची ती रडकी मालिका!" मुलगा म्हणे.

"आणि तुमचा तो थिल्लरपणा!" आजोबा उत्तर देत.

एके संध्याकाळी 'हम लोग' चालू होते. पडद्यावरील बाप दारू पिऊन झोकांड्या खात घरी आला. त्याची ती चाल पाहून मुलगा मोठ्याने हसला. हसता हसता त्याची नजर आजोबांकडे गेली. आजोबा धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते. हे पाहून तर मुलाला अधिकच हसू आले. "आजोबा रडताहेत! खोट्या खोट्या माणसासाठी रडताहेत!" असे तो म्हणाला. ताईने त्याच्याकडे रागाने पाहिले. आजोबा काहीच बोलले नाहीत. भाग संपला. आईने पेटीची दारे लावली. तेव्हा आजोबांनी नातवाला जवळ बोलावले.

"बाळ, तू हसलास त्याचा मला राग नाही," आजोबा म्हणाले. "तुझ्याएवढा असताना मीही हसलो होतो. तेव्हा 'एकच प्याला' नाटक लागले होते. बालगंधर्व सिंधूचे काम करीत. नाटकात तळीराम नावाचा एक दारुडा आहे. त्याच्या बोलण्यावर सारे नाट्यगृह हसत होते. मीही पोट धरून हसत होतो. माझ्या शेजारी माझा वर्गमित्र बसला होता. तो मात्र खाली मान घालून बसला होता. मी त्याला कोपराने ढोसले आणि म्हटले, 'अरे, हास की!' तो हसला नाही."

"का बरे?" मुलाने विचारले.

"ते मला त्या दिवशी कळले नाही. पुढच्या महिन्यात त्याने शाळा सोडली. त्याची पुस्तके त्याच्या वडिलांनी विकावयास काढली. त्यातले भूगोलाचे पुस्तक मी दोन आण्यांना घेतले. स्वस्तात मिळाले म्हणून मला मोठा आनंद झाला होता. घरी आल्यावर माझ्या आईने सांगितले, की त्या दोन आण्यांची त्याच्या बापाने दारू घेतली असेल. तळीरामाला पाहून तो का हसला नाही, हे मला त्या रात्री समजले. आज पडद्यावरचा बाप पाहिला आणि तो मित्र आठवला."

मुलगा गप्प झाला. थोड्या वेळाने तो म्हणाला, "पण आजोबा, मला विनोदीच आवडते. ते काय वाईट आहे?"

या प्रश्नाचे उत्तर आईने दिले. ती म्हणाली, "वाईट मुळीच नाही. सकाळी पाचला उठायचे, पाणी भरायचे, कचेरी गाठायची, परत येऊन चूल पेटवायची. रात्री दमून खाली बसले, की मला आणखी कोणाचे दुःख पाहवत नाही. अर्धा तास हसले, की उद्याचा दिवस सोपा वाटतो. मामंजी, तुम्ही त्याला थिल्लर म्हणता. पण तुम्ही ती मालिका एकदा तरी पुरी पाहिली आहे का?"

आजोबांनी ती पुरी पाहिलेली नव्हती. ती लागली, की ते उठून फेरी मारावयास जात असत.

या लहानशा प्रसंगात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. एकच खोली, एकच पडदा, एकच दृश्य. मग एकाला हसू आणि दुसऱ्याला रडू का यावे? आणि त्या दोघांपैकी खरा रसिक कोण?

हा प्रश्न दूरचित्रवाणीबरोबर जन्मलेला नाही; तो फार जुना आहे. भरतमुनींच्या 'नाट्यशास्त्र' या प्राचीन ग्रंथात त्याचा विचार केलेला आढळतो. भरतमुनींनी नाट्याचे आठ रस सांगितले आहेत : शृंगार, हास्य, करुण, रौद्र, वीर, भयानक, बीभत्स आणि अद्भुत. रस म्हणजे काय, हे समजावून देण्यासाठी त्यांनी जेवणाचा दाखला दिला आहे. नाना प्रकारचे मसाले आणि पदार्थ घालून सिद्ध केलेले अन्न जेवताना माणूस जसा त्याची चव घेतो, तसा प्रेक्षक नाटकातील भावांची चव घेतो. ताटात केवळ तिखट किंवा केवळ गोड वाढले, तर जेवणाला गोडी येत नाही. त्याचप्रमाणे आठही रसांना नाट्यात आपापले स्थान आहे. त्यांत हास्य आहे आणि करुणही आहे. करुण रस आहे म्हणून हास्याला पंगतीतून उठवून लावलेले नाही.

त्याच ग्रंथात प्रेक्षकांच्या आवडीनिवडीचाही विचार आहे. शूरांना युद्धाचे प्रसंग रुचतात, वृद्धांना धर्माच्या व पुराणांच्या कथा रुचतात, बालकांना हसविणारे प्रसंग रुचतात, असे तेथे सांगितले आहे. याचा प्रत्यय आपल्या देशाला पुढे थोड्याच वर्षांत आला. जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळात रामानंद सागर यांची 'रामायण' ही मालिका रविवारी सकाळी दाखविली जात असे. त्या वेळी गावोगावचे रस्ते ओस पडत. कित्येक वृद्ध माणसे स्नान करून, हात जोडून पडद्यासमोर बसत. भरतमुनींनी हेही म्हटले आहे, की दुःखी, श्रमलेल्या आणि शोकाकुल माणसांना नाट्याने विसावा मिळतो. वाड्यातील ती आई काही 'नाट्यशास्त्र' वाचून बोलली नव्हती; पण तिने आपल्या अनुभवाने तेच सांगितले.

महाकवी कालिदास यांनी तर ही गोष्ट थोडक्या शब्दांत सांगितली आहे. त्यांच्या 'मालविकाग्निमित्र' या नाटकाच्या पहिल्या अंकात गणदास नावाचा नाट्याचार्य आहे. लोकांच्या रुची भिन्न भिन्न असल्या, तरी त्या सर्वांना एकत्र आनंद देणारी गोष्ट नाट्य हीच होय, अशा आशयाचे बोल कालिदासांनी त्याच्या तोंडी घातले आहेत. 'भिन्नरुची' हा शब्द आपण आज सहज वापरतो. रुची भिन्न असणे हा दोष आहे, असे कालिदासांना वाटलेले नाही. माणसे आहेत तेथे रुची भिन्न असावयाच्याच, हे त्यांनी गृहीत धरले आहे.

आता हास्य आणि करुण या दोन रसांकडे थोडे निरखून पाहू. पुष्कळांचा असा समज असतो, की रडविणारे ते थोर आणि हसविणारे ते हलके. हा समज खरा आहे काय?

मराठी माणसाला हसविणाऱ्या लेखकांमध्ये चिंतामण विनायक जोशी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. ते पाली भाषेचे व्यासंगी अभ्यासक होते. अशा गंभीर विद्वानाने चिमणराव नावाचे एक विनोदी पात्र निर्माण केले. चिमणराव साधे, भिडस्त आणि थोडे भित्रे पांढरपेशे गृहस्थ. त्यांची पत्नी काऊ. मुले मोरू, मैना आणि राघू. सारे घरच पाखरांच्या नावांचे! त्यांचा सोबती गुंड्याभाऊ. चिमणराव मोठ्या हौसेने एखादा बेत करतात, आणि तो हटकून फसतो. मग तो फजितीचा वृत्तांत ते स्वतःच सांगतात. मुंबई दूरदर्शनने १९७७ साली या कथांवर 'चिमणराव' ही मालिका सुरू केली. दिलीप प्रभावळकर हे चिमणराव आणि बाळ कर्वे हे गुंड्याभाऊ झाले. ती मालिका पाहण्यासाठी ज्यांच्या घरी संच असेल, त्यांच्या घरी शेजारीपाजारी दाटीवाटीने बसत.

चिमणरावांना पाहून लोक का हसत? ते धडपडतात म्हणून हसत, हे खरे. पण तेवढेच कारण नव्हे. पाहुण्यांपुढे उडणारी तारांबळ, नसती प्रौढी मिरविण्याचा मोह, आणि शेवटी होणारी फजिती ही प्रत्येक घरात घडत असते. चिमणरावांना हसता हसता माणूस नकळत स्वतःलाच हसू लागतो. स्वतःच्या वेडेपणाकडे हसून पाहता येणे, ही काही हलकी गोष्ट नव्हे. ज्याला ते साधले, त्याचा अहंकार थोडा तरी कमी झाला, असे समजावे.

हसणेही एकाच जातीचे नसते. भरतमुनींनी हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. ओठांच्या कोपऱ्यात उमटणाऱ्या स्मितापासून अंग गदगदा हलविणाऱ्या अतिहसितापर्यंत ही पायरी चढत जाते. ज्या विषयाच्या अशा सहा पायऱ्या मोजल्या गेल्या, तो विषय विद्वानांनी क्षुद्र मानला होता, असे कोण म्हणेल?

आता करुणाकडे वळू. आजोबांनी सांगितलेले 'एकच प्याला' हे नाटक राम गणेश गडकरी यांचे. ते १९१९ साली रंगभूमीवर आले. पण त्यापूर्वी थोडेच दिवस, त्याच वर्षीच्या जानेवारी महिन्यात, गडकरी निवर्तले होते. सुधाकर हा बुद्धिमान वकील दारूच्या पायी कसा धुळीस मिळतो आणि त्याची साध्वी पत्नी सिंधू हिची कशी दैना होते, याची ही शोककथा आहे. परंतु त्याच नाटकात तळीराम आहे, दारुड्यांची मंडळी आहे, त्यांचे हास्यास्पद वादविवाद आहेत. प्रेक्षक त्यांना हसतात. हसत असतानाच त्यांच्या ध्यानी येते, की ज्या प्याल्याने आपल्याला हसविले, तोच प्याला सिंधूचा संसार बुडवीत आहे. आधीचे हसू नसते, तर पुढचे दुःख इतके खोल रुतले नसते.

हे नाटक लिहिणाऱ्या गडकऱ्यांनीच 'बाळकराम' या नावाने विनोदी लेख लिहिले आणि 'गोविंदाग्रज' या नावाने कविता लिहिल्या. हसविणारा आणि रडविणारा हात एकच होता. नटाचेही तसेच. चिमणरावांच्या वेषात ज्यांनी महाराष्ट्राला हसविले, त्याच दिलीप प्रभावळकरांनी १९९१ सालच्या 'चौकट राजा' या चित्रपटात, शरीराने वाढलेल्या पण मनाने लहान राहिलेल्या माणसाची भूमिका करून प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणले. पुढे २००१ साली 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका आली. ती त्यांच्याच 'अनुदिनी' या पुस्तकावर आधारलेली होती. तीत ते आजोबा झाले. एका साध्या कुटुंबातील रोजच्या गमती पाहताना लोक हसत, आणि मध्येच घशाशी आवंढा येई. हास्य आणि करुण ही दोन वैरी राज्ये नसून, एकाच घरातील दोन शेजारच्या खोल्या आहेत. मधले दार बहुधा उघडेच असते.

असे असूनही एकाच माणसाला दोन्ही सारखेच रुचतील, असे मात्र नाही. आवड घडते ती माणसाच्या वयावरून, अनुभवावरून आणि त्या दिवशीच्या मनःस्थितीवरून. मुलाने दारूने उद्ध्वस्त झालेले घर पाहिले नव्हते. म्हणून त्याला झोकांडीतली गंमतच दिसली. आजोबांना मित्राचे दोन आण्यांचे पुस्तक दिसले. दोघांचे डोळे पडद्यावरच होते; पण प्रत्येकाने आपापल्या आयुष्यातून ते दृश्य पाहिले. आवड वयाबरोबर बदलतेही. आज कंटाळवाणी वाटणारी गोष्ट दहा वर्षांनी मनाला भिडते. म्हणून 'मला हे आवडत नाही' असे म्हणताना 'अजून' हा शब्द मनात ठेवावा.

मग सर्वच कार्यक्रम सारखे चांगले, असे समजावे काय? नाही. 'मला आवडले नाही' आणि 'ते वाईट आहे' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिल्या वाक्याला कारण लागत नाही. एखाद्याला कारले आवडत नाही. त्याला कोणी पुरावा मागत नाही. दुसऱ्या वाक्याला मात्र कारण द्यावे लागते. लेखकाने जे करावयाचे योजिले, ते त्याला साधले का? पात्रे खऱ्या माणसांसारखी वागतात का? प्रेक्षकाला रडविण्यासाठी ओढूनताणून संकटे तर आणलेली नाहीत ना? आणि विनोद असेल, तर तो कोणाच्या जिवावर केलेला आहे? चिमणराव स्वतःच्या फजितीवर हसवितात. परंतु एखाद्याच्या व्यंगावर, रंगावर किंवा गरिबीवर बोट ठेवून हशा मिळविला असेल, तर तो विनोद सदोष आहे, असे अवश्य म्हणावे. आणि आपल्याला हसू आले असले, तरीही म्हणावे. याउलट, जे आपल्याला रुचले नाही, त्यातही गुण असू शकतात, हे मान्य करण्याइतके मन मोठे असावे. असे प्रश्न विचारून जो बोलतो, त्याच्या मताला वजन येते. केवळ 'रडके' किंवा 'थिल्लर' अशी नावे ठेवणाऱ्याच्या मताला ते येत नाही.

त्या वाड्यातील गोष्ट अजून थोडी उरली आहे. पुढच्या वेळी विनोदी मालिका सुरू झाली, तेव्हा आजोबा फेरी मारावयास गेले नाहीत. ते आपल्या आरामखुर्चीत गंभीर चेहरा करून बसले. पहिली काही मिनिटे त्यांनी ओठ घट्ट मिटून धरले होते. मग सतीश शाह एक नवेच सोंग घेऊन आले. आजोबांचे ओठ हलले. थोड्याच वेळात ते इतके हसू लागले, की त्यांना ठसका लागला आणि ताईला पाणी आणावयास धावावे लागले.

"आजोबा, खोट्या खोट्या माणसासाठी हसताहात!" मुलगा म्हणाला, पण या वेळी त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो आजोबांच्या खुर्चीला टेकून बसला होता. त्या आठवड्यात 'हम लोग'मधील बाप पुन्हा झोकांड्या खात आला, तेव्हा मुलगा हसला नाही. त्याला ती मालिका एकदम आवडू लागली, असे नाही. त्याने फक्त एकदा आजोबांकडे पाहिले आणि पुन्हा पडद्याकडे पाहिले. कोणा एका मुलाचे भूगोलाचे पुस्तक त्याच्या मनात आले असावे.

आज काळ पालटला आहे. १९९० नंतरच्या दशकात उपग्रह वाहिन्या आल्या. त्यांची संख्या वाढत गेली. आता तर प्रत्येकाच्या हातातील लहानशा यंत्रात प्रत्येकाच्या आवडीचे नाटक आणि प्रत्येकाच्या आवडीचा विनोद सापडतो. एका खोलीत चार माणसे बसतात आणि चार वेगळ्या गोष्टी पाहतात. कोणी कोणाशी भांडत नाही. ही सोय मोठी आहे, यात शंका नाही. परंतु तिच्याबरोबर एक गोष्ट हातची निसटली आहे. शेजारचा माणूस कशाला हसतो आणि कशासाठी डोळे पुसतो, हे आता आपोआप दिसत नाही. वाड्यात संच एकच होता, म्हणून भांडण झाले. आणि भांडण झाले, म्हणून नातवाला आजोबांची गोष्ट ऐकावयास मिळाली.

संच एकच होता तेव्हा जे सक्तीने घडत होते, ते आता आपण होऊन करावे लागेल. आठवड्यातून एखादे दिवशी आपल्या आवडीची गोष्ट बाजूला ठेवून घरातील दुसऱ्या कोणाच्या आवडीची गोष्ट त्याच्या शेजारी बसून पाहावी, आणि ती संपल्यावर विचारावे, "तुम्हाला यात काय आवडते?" हा प्रश्न साधा आहे. परंतु त्याच्या उत्तरात कधी कधी एखाद्या माणसाचे सारे आयुष्य सामावलेले असते.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र केव्हा उघडले?
(आ) भरतमुनींनी नाट्याचे किती रस सांगितले आहेत?
(इ) राम गणेश गडकरी यांनी कोणत्या नावाने विनोदी लेख लिहिले?

२. पुढील प्रश्नांची चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) आजोबांचा वर्गमित्र नाटकात का हसला नाही?
(आ) चिमणरावांना हसताना माणूस स्वतःलाच हसतो, असे का म्हटले आहे?
(इ) 'मला आवडले नाही' आणि 'ते वाईट आहे' या दोन वाक्यांत कोणता फरक आहे?

३. कारणे द्या.
(अ) ताईने ॲन्टेना सिंहगडाकडे वळविण्यास सांगितले.
(आ) आईला विनोदी मालिका आवडत असे.
(इ) दुसऱ्या वेळी मुलाच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

४. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा.
पोट धरून हसणे, उराशी धरणे, तारांबळ उडणे, धुळीस मिळणे, ओस पडणे.

५. पुढील शब्दांचे विरुद्धार्थी शब्द लिहा.
भिन्न, थोर, गंभीर, स्वस्त, भित्रा.

६. घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीच्या आवडीचे नाटक किंवा मालिका त्यांच्यासोबत पाहा. ती त्यांना का आवडते, हे त्यांना विचारा आणि त्यांचे उत्तर दहा ओळींत लिहून आणा.